शाईची पारख

शाईसारख्या वस्तूवर वाङ्मयीन मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. ग्रंथांचें परीक्षण होतें, नाटकांचें होतें, चित्रांचें होतें. परंतु ज्या द्रवाच्या आधारानें ग्रंथकाराचा विचार प्रथम कागदावर उतरतो, त्याचें परीक्षण करण्याची प्रथा आपल्यांत नाहीं. टीकाकार भाषा पाहतो, शैली पाहतो, फार तर हस्ताक्षर पाहतो. शाई पाहत नाहीं. अलीकडे फाउंटनपेनाचा शौक सुशिक्षितांत पुन्हा वाढूं लागला आहे, आणि आपण कोणती शाई वापरतों व ती कां निवडली, याची चर्चा हौशी मंडळींत मोठ्या चवीनें चालते. ती चर्चा आम्हीही आवडीनें ऐकतों. मात्र ती ऐकत असतां आम्हांला वारंवार असें वाटलें कीं, तींत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. लिहिलेलें किती दिवस राहावें, आणि तें कोणी वाचावें? या एका प्रश्नाच्या उजेडांत आज प्रचारांत असलेल्या शायांची पारख करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें वास्तव्य तापीकांठच्या सारंगखेड्यास असतें. हें गांव नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत असून, येथील एकमुखी दत्ताच्या यात्रेंत दत्तजयंतीपासून भरणारा घोड्यांचा बाजार महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. या बाजारांत नवखें गिऱ्हाईक तेव्हांच ओळखूं येतें, कारण त्याची दृष्टि प्रथम रंगावर जाते. पांढराशुभ्र नुकरा किंवा ठिपक्यांचा अबलख दिसला कीं तें तेथेंच थबकतें. जाणतें गिऱ्हाईक आधीं जबडा उघडून दांतांवरून वय ठरवितें, खूर उचलून पाहतें, अंगावरचे भोंवरे तपासतें, चाल पाहतें, आणि रंगाचा विचार सर्वांच्या शेवटीं करितें. शाईच्या बाबतींत सध्यां आपण बहुतेक सगळे नवख्या गिऱ्हाइकाच्या रांगेंत उभे आहों. कोणाला मोरपिशी आवडते, कोणाला जांभळीवर तांबूस झांक मारणारी आवडते. आणि आवडली म्हणून ती निवडली जाते. आवड हें कारण खोटें नव्हे. परंतु तें पहिलें कारण होऊन बसलें म्हणजे काय होतें, हें सांगण्यासाठीं आम्ही एक घरगुती उदाहरण देतों.

आमच्या घरीं एका लांकडी पेटींत दोन प्रकारचे कागद पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं राहिले आहेत. पहिले आजोबांच्या आडतीचे मोडी हिशेब. ते १९३० नंतरच्या दशकांतले असून बोरूनें व काजळाच्या शाईनें लिहिलेले आहेत. कोणाकडून किती कापूस आला, कोणाकडे किती रुपये-आणे येणें राहिलें, एवढाच त्यांतील मजकूर. दुसरी आमच्या आत्याबाईंची वही. १९७२ च्या दुष्काळाच्या सालीं त्यांनीं गांवांतल्या वडील बायकांकडून ऐकलेलीं अहिराणी लग्नगीतें आणि जात्यावरच्या ओव्या एका शाळकरी वहींत उतरून ठेविल्या. घरांत मुलांसाठीं आणलेली निळी शाई होती, तीच त्यांनीं घेतली. आज पेटी उघडावी तर आजोबांचे आणे-पै काल लिहिल्यासारखे काळेभोर आहेत. आत्याबाईंच्या वहीचीं बाहेरचीं पानें मात्र इतकीं फिकी पडलीं आहेत कीं तिरप्या उजेडांत धरल्यावांचून अक्षर लागत नाहीं. आणि जेथें एका पावसाळ्यांत ओल लागली तेथें ओळींच्या जागीं नुसता निळसर ढग उरला आहे. ज्या बायकांना तीं गीतें तोंडपाठ होतीं त्या आतां हयात नाहींत. जें क्षुल्लक तें टिकलें आणि जें अमोल तें विरलें. यांत आत्याबाईंचा दोष मुळींच नाहीं. हाताशीं होतें त्यानें त्यांनीं लिहिलें, आणि शाईशाईंत असा भेद असतो हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. अशा वह्या महाराष्ट्रांत घरोघरीं आहेत. तेव्हां शाईची निवड ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे, हें वाचकांनीं मान्य करावें.

शायांचीं मूळ कुळें तीन. पहिलें काजळाचें. दिव्यावर काजळी धरून ती डिंकाच्या पाण्यांत पुष्कळ वेळ घोटली म्हणजे ही शाई सिद्ध होते. तिचा काळेपणा हा कोळशाच्या सूक्ष्म कणांचा काळेपणा आहे, आणि त्या कणांना ऊन, हवा किंवा काळ यांपैकीं कोणाचेंच फारसें भय नाहीं. पाण्याचें मात्र आहे. डिंक भिजला कीं अक्षर फांसतें. आपल्या पोथ्या व मोडी दप्तरें बहुतांशीं याच शाईंत लिहिलीं गेलीं. खानदेशांतील वाचकांना याची साक्ष शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ आणि तेथीलच समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनीं जतन केलेलीं हस्तलिखितें पाहावीं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें मंडळ उभें राहिलें. १८९८ पासून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें जे खंड काढले ते निघूं शकले, याचें एक कारण असें कीं गांवोगांवच्या माळ्यांवर, रुमालांत बांधून पडलेल्या कागदांवरची शाई अजून वाचतां येत होती. इतिहासाच्या या उपकाराचें श्रेय आपण लिहिणाऱ्या कारकुनास देतों, दप्तर राखणाऱ्या घराण्यास देतों; काजळीस देत नाहीं.

समर्थ रामदासांनीं हा विषय क्षुद्र मानला नव्हता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. बोरू नाना ठिकाणचे जमवावे, हिंगूळ व मसी यांचा संग्रह ठेवावा, इथपर्यंतच्या सूचना त्यांत आहेत. आणि तारुण्यांत फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून मध्यम अक्षर काढावें, असा एक अत्यंत व्यवहारी इशाराही आहे. लिहिणारा व वाचणारा एकच असला तरी मधल्या काळांत तो पालटतो; मग वाचणारा नातू-पणतू असेल तर किती अधिक जपावें! शाईची पारख करण्यास याहून चांगलें सूत्र आम्हांस तरी सांपडलेलें नाहीं.

दुसरें कुळ लोहशाईचें. हिरड्याच्या किंवा माजूफळाच्या काढ्यांत हिराकस मिसळला म्हणजे ही शाई होते. तिचें वैशिष्ट्य असें कीं, लिहितांना ती फिकी असते. हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून मागाहून काळी पडते, आणि तीही कागदाच्या तंतूंतच. काजळाचें अक्षर कागदावर बसतें, लोहशाईचें अक्षर कागदांत रुजतें. म्हणून पाण्यानें तें धुऊन जात नाहीं. युरोपांतील दस्तऐवज कित्येक शतकें याच शाईनें लिहिले गेले, आणि इंग्लंडांत जन्म-विवाहांच्या नोंदवह्यांसाठीं पिढ्यान्‌पिढ्या हीच शाई मुक्रर होती. तिचा दोष हा कीं ती आम्ल आहे. प्रमाण बिघडलें तर ती पोलादी निब गंजविते आणि कागदही खाते; जुन्या युरोपीय हस्तलिखितांत कोठें कोठें अक्षराच्या जागीं अक्षराच्याच आकाराचें भोंक आढळतें, तें यामुळें. १८३२ सालीं लंडनचे हेन्री स्टीफन्स यांनीं या शाईची सुधारलेली आवृत्ति काढली. ती लिहितांना निळी दिसे व नंतर काळी होई. ‘ब्लू-ब्लॅक’ हें नांव आरंभीं एका रंगाचें नसून या रूपांतराचें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें कुळ रंगशाईचें. १८५६ सालीं विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें ॲनिलिनपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, आणि पुढें अशा रंगांची रांगच लागली. ते पाण्यांत पूर्णपणें विरघळतात. तळाशीं गाळ राहत नाहीं. टाक आणि दौत यांच्या राज्यांत या गुणाचें विशेष महत्त्व नव्हतें. परंतु १८८४ सालीं वॉटरमन यांनीं फाउंटनपेनाचें पेटंट घेतलें आणि लेखणीच्या पोटांतच दौत आली. केंसाएवढ्या बारीक वाटेनें शाई निबेपर्यंत पोंचावयाची, तर तींत कण असून चालत नाहीं आणि आम्लही जपून घालावें लागतें. रंगशाई या कसोटीस उत्तम उतरली, म्हणून ती जिंकली. लेखणीची सोय झाली. त्या सोयीसाठीं अक्षराचें आयुष्य गहाण पडलें, हें मात्र फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. आत्याबाईंची वही या तिसऱ्या कुळांतल्या शाईची आहे.

आतां दुकानांतील बाटल्यांवरच्या शब्दांचें परीक्षण करूं. टीकाकाराचें खरें काम येथें आहे, कारण शाईच्या व्यवहारांत शब्दांनीं अर्थाशीं फारकत घेतली आहे. ‘पर्मनंट’ हा शब्द घ्या. वाचकाला वाटतें कीं हें अक्षर कायमचें राहील. वस्तुतः ‘वॉशेबल’ म्हणजे कपड्यावरून सहज धुतां येणारी, आणि तिच्या उलट ती ‘पर्मनंट’, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो; उन्हांत टिकण्याचें तें वचन नव्हे. तीच गत ‘ब्लू-ब्लॅक’ची. आज या नांवानें विकल्या जाणाऱ्या पुष्कळ शायांत लोहाचा अंशही नसतो. निळा आणि काळा असे दोन रंग मिसळून जुनी छटा तेवढी साधलेली असते. काळानें त्यांतला एक रंग आधीं उडाला म्हणजे अक्षर हिरवट दिसूं लागतें. नांव तेंच, कूळ निराळें. भारतीय मानकांत मात्र हा भेद स्वच्छ राखलेला आहे. शेंकडा ०.१ लोह असलेल्या फाउंटनपेन-शाईसाठीं आय. एस. २२० हें मानक आहे, आणि रंगशाईसाठीं आय. एस. १२२१ हें निराळें आहे. बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतील नांवापेक्षां या लहान अक्षरांतील आंकड्याकडे पाहण्याची संवय गिऱ्हाइकांनीं लावून घेतली तर बराचसा गोंधळ मिटेल.

केवळ ऐकीव माहितीवर निर्णय देणें टीकेच्या धर्मास सोडून होईल, म्हणून आम्हीं एक साधा प्रयोग करून पाहिला. एकाच जातीच्या कागदावर निरनिराळ्या शायांनीं एकेक ओळ लिहिली. कागदाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानें झांकला, आणि तो चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत पश्चिमेच्या खिडकींत ठेविला. खानदेशचें ऊन परीक्षकाला लांच खात नाहीं. पुठ्ठा काढला तेव्हां धुऊन जाणारी निळी उघड्या भागांत धुरकट करडी झाली होती. जांभळी व गुलाबी यांच्या केवळ खुणा राहिल्या होत्या. साधी तांबडी निम्म्याहून फिकी पडली होती. लोहशाईंतला निळा रंग उडाला, परंतु खालचें काळसर अक्षर स्पष्ट राहिलें. कोळशाच्या कणांच्या शाईंत झांकलेला भाग कोणता व उघडा कोणता, हें सांगतां येईना. मग प्रत्येक ओळीवर पाण्याचे थेंब टाकून टीपकागदानें टिपले. धुऊन जाणारी निळी नांवाला जागली. लोहशाई हलली नाहीं. कोणाही गृहस्थास हा प्रयोग घरीं करून पाहतां येईल. त्यास लागतो एक कागद, एक पुठ्ठा आणि थोडा धीर.

टिकाऊपणा ही पहिली कसोटी खरी, पण ती एकमेव नव्हे. दुसरी कसोटी पसरण्याची व वाळण्याची, आणि येथें मराठी लिहिणाराची गरज इंग्रजी लिहिणाराहून निराळी आहे. शाईवरचें बहुतेक लेखन इंग्रजींत होतें व तें रोमन लिपि डोळ्यांपुढें ठेवून होतें. आपण तेथले गुणांक उचलतों आणि फसतों. रोमन अक्षर शाई पसरून जाड झालें तरी सहसा वाचतां येतें. देवनागरींत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांमधला भेद एका चिमुकल्या गांठीवर किंवा शिरोरेषेंतल्या खंडावर अवलंबून असतो. शाई किंचित् पसरली कीं गांठ भरते, खंड बुजतो आणि ‘भार’ चा ‘मार’ होतो. अनुस्वाराचें टिंब पसरून मात्रेला चिकटलें तर अर्थच बदलतो. जोडाक्षरांत दोन अक्षरें एकमेकांच्या अंगावर उभीं असतात. तेथें पसरणारी शाई म्हणजे गर्दींत सांडलेलें तेल.

वाळण्याच्या बाबतींत अडचण याहून मोठी आहे. पुष्कळ जण शब्द पुरा झाल्यावर त्यावर शिरोरेषा देतात. म्हणजे हात उजवीकडे जाऊन पुन्हा मागें येतो, आणि जीं अक्षरें अजून ओलीं आहेत त्यांच्याच माथ्यावरून रेघ ओढतो. रोमन लिपि लिहिणाराला ही माघार शब्दोशब्दीं घ्यावी लागत नाहीं. मोडी लिहिणारे कारकून याविषयीं आमच्याहून शहाणे होते. ते आधीं रेघ ओढून घेत व तिच्याखालीं अक्षरें टांगीत जात, आणि पान भरलें कीं वर बारीक वाळू भुरभुरवीत. आज वाळूही नाहीं आणि टीपकागदही दुर्मिळ झाला. तेव्हां ज्या शायांची हौशी मंडळींत फार वाखाणणी होते, ज्या संथपणें वाळतात आणि वाळतांना कडांवर तांबूस चकाकी ठेवतात, त्या शिरोरेषा देणाऱ्या हाताला सर्वांत गैरसोयीच्या आहेत. त्यांची चकाकी दिसते ती गुळगुळीत, शाई न पिणाऱ्या कागदावर. आपल्या शाळकरी वहीच्या कागदावर ती शाई पसरते, पाठीमागें उमटते, आणि चकाकी कोठेंच राहत नाहीं. याउलट सौम्य लोहशाई हलक्या कागदावरही आटोपशीर राहते. देवनागरीच्या गांठी तिनें मोकळ्या राहतात, हा तिचा गुण आम्हांला तिच्या टिकाऊपणाइतकाच मोलाचा वाटतो.

तिसरी कसोटी लेखणीशीं असलेल्या मैत्रीची. ज्या शाईनें लेखणी आठवड्यांत तुंबते, ती शाई कितीही अमर असली तरी तिनें कोणी लिहिणार नाहीं. जुनी काजळाची शाई फाउंटनपेनांत घालूं नये, हें उघड आहे. तींतला डिंक व कण आंत वाळून बसतात. अलीकडे जपानी कारखानदारांनीं कोळशाचे कण अत्यंत सूक्ष्म करून खास फाउंटनपेनासाठीं शाई काढली आहे. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक आणि सेलरची किवागुरो या त्या जातीच्या. आमच्या मतें काजळीचा हा पुनर्जन्मच म्हणावा. परंतु जेथें वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेथें ही शाई घातलेली लेखणी चार दिवस उघडी किंवा निजलेली ठेवून चालत नाहीं. रोज लिहिणें, टोपण घट्ट लावणें, आणि पंधरवड्यांतून एकदां साध्या पाण्यानें लेखणी धुणें, एवढें व्रत पाळणाराचीच ती दासी होते. लोहशाईलाही हाच नेम लागू आहे. ज्याला एवढी निगा जमणार नाहीं त्यानें रंगशाई वापरावी. मात्र जपून ठेवावयाचें तें तीनें लिहूं नये.

या तीन कसोट्या लावून आज लोक प्रत्यक्षांत जीं कारणें सांगतात त्यांकडे पाहिलें तर मौज वाटते. कचेऱ्यांत शाई हुद्द्यावरून ठरते. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीप्रमाणें टिपणें काळ्या किंवा निळ्या शाईंत लिहावयाचीं; हिरवी वा तांबडी वापरण्याची मुभा सहसचिव व त्यांवरील अधिकाऱ्यांना, आणि तीही क्वचित्. येथें रंग हा अधिकाराचा बिल्ला झाला आहे. आपल्या समाजांत हिरव्या सहीचा जो दरारा आहे तो शाईच्या गुणाचा नव्हे. शिक्षकाची तांबडी शाई केवळ निराळी दिसावी म्हणून. तें कारण सरळ आहे, आणि तपासलेली वही वर्षानंतर रद्दींतच जावयाची असल्यामुळें तिचें विरणें कोणास खुपत नाहीं. मुलांना धुऊन जाणारी निळी द्यावी, हाही आईबापांचा निर्णय शहाणपणाचा आहे, सदरा वांचतो. जेथें पावतीची कार्बन-प्रत हवी तेथें दाबून लिहिण्यास बॉलपेनच लागतो. व्यापाऱ्यानें फाउंटनपेन टाकून दिलें तें यासाठीं, अरसिकपणानें नव्हे. म्हणजे जेथें जेथें कामाचा विचार करून शाई निवडली गेली, तेथें तेथें निवड बहुधा योग्यच झाली आहे. चूक होते ती जेथें आपण कामाचा विचारच करीत नाहीं, अशा घरगुती लेखनांत: पत्रें, रोजनिशी, आठवणी, गीतांच्या व पाककृतींच्या वह्या. यांना हुद्दा नाहीं, परीक्षक नाहीं, नियम नाहीं. म्हणून त्यांच्या वांट्यास हाताशीं असेल ती शाई येते.

एके काळीं शाई निवडण्याचें आणखी एक कारण होतें, आणि तें विसरतां येणार नाहीं. तें म्हणजे स्वदेशी. १९३१ सालीं मुंबईंत दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधु गोविंद यांनीं ‘हॉर्स ब्रँड’ या नांवानें शाईची पूड व वड्या काढण्यास आरंभ केला. पुढें फाउंटनपेनासाठीं ‘कॅमल’ शाई आली, आणि तिच्यावरून ‘कॅम्लिन’ हें नांव घरोघरीं गेलें. घोड्यापासून उंटापर्यंतचा हा प्रवास आमच्या घोडेबाजाराच्या गांवास सहज आठवण्यासारखा आहे. १९३४ सालीं बंगाल्यांत राजशाही येथें मैत्र बंधूंनीं ‘सुलेखा’ काढली. परदेशी शाईनें स्वदेशीचीं पत्रें लिहावयाचीं ही विसंगति मिटविणें, हा तिच्या मागचा हेतु होता. तेव्हां शाईची निवड हा एक लहानसा सार्वजनिक निर्णय असे. आज कॅम्लिनची सूत्रें २०११ पासून जपानच्या कोकुयो या कंपनीकडे आहेत. सुलेखा मध्यंतरीं बंद पडली होती; तिची फाउंटनपेन-शाई २०२० सालीं पुन्हा बाजारांत आली. म्हैसूरची ब्रिल आणि केरळांतील पालघाटची कृष्णा यांनींही आपलें गिऱ्हाईक मिळविलें आहे. शाईच्या हौशी लोकांत या देशी नांवांबद्दल जिव्हाळा दिसतो, तो आम्हांला अभिनंदनीय वाटतो. कॅमलची निळी बाटली तालुक्याच्या पेठेंतही मिळते आणि विद्यार्थ्याला परवडते; रोजच्या टिपणांसाठीं तिच्यांत उणें काढण्याजोगें कांहीं नाहीं. आमची मागणी एवढीच आहे कीं, देशी कारखानदारांनीं रंगांच्या नव्या नव्या छटांबरोबर एक चांगली, सौम्य, स्वस्त लोहशाईही गांवोगांवच्या दुकानांत पोंचवावी. हिरडा सातपुड्याच्या रानांत आहे आणि कृति जगजाहीर आहे. आज तशी शाई हवी असेल तर बहुधा जर्मनीच्या पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक किंवा लिव्हरपूलच्या डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक मागवावी लागते. त्यांची किंमत व वाट पाहणें दोन्ही ग्रामीण वाचकास जड जातात.

रंगाविषयीं आम्ही शेवटीं बोलतों, कारण त्याचें स्थान शेवटचें आहे. पण स्थान आहे. रंगाचा आनंद हा मनुष्याला लिहावयास बसवितो, आणि न लिहिलेल्या पत्रापेक्षां फिक्या शाईंत लिहिलेलें पत्र केव्हांही चांगलें. ज्या तरुणास मोरपिशी शाईमुळें आईला चार ओळी लिहाव्याशा वाटतात, त्याला लोहशाईचें व्याख्यान ऐकवून आम्ही त्याचा उत्साह मोडणार नाहीं. त्यानें मजकूर टिकणाऱ्या शाईंत लिहावा व मायना मोरपिशी करावा. आपल्या पोथ्यांत तरी याहून निराळें काय होतें? मजकूर काजळाचा आणि ‘श्री’कार, अध्यायसमाप्ति, दंड हे हिंगुळाचे. हिंगूळ हाही खनिज कणच असल्यामुळें तो रंग आज पुष्कळ पोथ्यांत ताजा दिसतो. शोभा व टिकाऊपणा यांत भांडण आहे, ही समजूत त्या लेखकांना ठाऊक नव्हती.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां सर्व लेखन यंत्रावर होतें. हस्तलिखिताच्या शाईची एवढी चिंता कशाला? उत्तर सोपें आहे. जें यंत्रावर होतें तें होवो. परंतु हातानें लिहिणें जसजसें कमी होतें तसतसें जें हातानें लिहिलें जातें तें अधिक मोलाचें होत जातें. हिशेब आतां कोणी वहींत लिहीत नाहीं. हातानें लिहिलें जातें तें मनांतलें. आजोबांच्या पिढींत क्षुल्लक मजकुराला अमर शाई मिळाली, ती त्या काळीं घरोघरीं तीच शाई होती म्हणून. आमच्या पिढीला निवड करतां येते, म्हणून तिची जबाबदारीही आमच्यावर येते.

तेव्हां आमचा निर्णय थोडक्यांत असा. रोजच्या टिपणास, मुलांच्या वहीस, कच्च्या खर्ड्यास देशी निळी रंगशाई वापरावी. ती स्वस्त आहे व लेखणीस निर्धोक आहे. पत्रें, रोजनिशी, वंशावळ, मृत्युपत्राचा खर्डा, आणि वडील माणसांच्या तोंडून उतरून घेतलेलें सर्व कांहीं लोहशाईंत किंवा सूक्ष्म काजळाच्या शाईंत लिहावें, आणि त्यासाठीं एक लेखणी निराळी ठेवावी. जांभळ्या-गुलाबी शायांनीं शुभेच्छा द्याव्या, सह्या कराव्या, मन रमवावें. त्यांच्यावर आठवणींचा भार टाकूं नये. ज्यांच्या घरीं निळ्या शाईच्या जुन्या वह्या आहेत त्यांनीं त्या उजेडापासून व ओलीपासून दूर ठेवाव्या, त्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं, आणि वाचतां येतात तोंवरच पानोपान नक्कल करून घ्यावी. हें काम पुढच्या सुट्टीवर ढकलूं नये; प्रत्येक उन्हाळ्यागणिक त्यांतलीं कांहीं अक्षरें कमी होत आहेत.